लांबलचक मेथड मोडायची कशी? दूध बिलाच्या कोडवर पायरीपायरीनं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागलात, की हातात येणारा कोड बहुतेक वेळा दूध संस्थेचा, पतसंस्थेचा, ऊस बिलाचा नाहीतर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या चलनांचा असतो. तो कैक वर्षं चालू आहे, लोकांचे पैसे त्यातूनच निघतात, आणि त्याच्या मधोमध एक मेथड असते जिला कुणी हात लावत नाही. तीन-चारशे ओळी, सहा पातळ्यांची इंडेंटेशन, आणि वर जाहीर केलेलं व्हेरिएबल पार खाली कुठंतरी वापरलेलं. तुम्हाला काम सांगितलं जातं: 'यात एक नवीन कपात टाक.'

हे मार्गदर्शन त्या मेथडसाठी आहे. उदाहरणाला दूध उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल घेतलंय, कारण हा व्यवहार इथं बहुतेकांना घरातूनच माहीत असतो. नमुन्यांतली नावं मराठीत लिहिली आहेत. तुमच्या प्रकल्पात ती इंग्रजीत असतील. पद्धत जावा, सी शार्प, पायथन, पीएचपी, सगळीकडं तीच.

एक अट आधीच पक्की करू. रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरून दिसणारं वागणं जसंच्या तसं ठेवून आतली मांडणी बदलणं. बिलात एक पैसा जरी इकडचा तिकडं झाला, तर तुम्ही रिफॅक्टरिंग केलेलं नाही, हिशोब बदललाय.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- गिट, आणि या कामासाठी वेगळी ब्रँच.
- मेथड आपोआप वेगळी काढून देणारा एडिटर: इंटेलिजे, पायचार्म, एक्लिप्स, व्हिज्युअल स्टुडिओ किंवा योग्य एक्स्टेन्शन टाकलेला व्हीएस कोड.
- टेस्ट चालवायचं साधन. आधीच्या टेस्ट नसल्या तरी चालेल, त्या आपण दुसऱ्या पायरीत तयार करणार आहोत.
- दोन फाइल्समधला फरक दाखवणारं काहीतरी: विनमर्ज, मेल्ड किंवा गिटचं डिफ.
- निदान तीन बिल कालावधींचा खरा डेटा. उत्पादकांची नावं, मोबाईल आणि बँक खाते क्रमांक बदलूनच तो आपल्या मशीनवर घ्या.
- व्यवहार जाणणारा माणूस. संस्थेचा सचिव फोनवर मिळत असेल तर उत्तम. कोडमधली विचित्र अट चूक आहे की संस्थेचा नियम, हे तोच सांगू शकतो.

१. मेथड निवडा, पण ओळी मोजून नव्हे

लिंटर (कोड न चालवता त्यातल्या खटकणाऱ्या जागा दाखवणारं साधन) चालवला की लांब मेथडची यादी मिळते. पण 'लांब' म्हणजे किती, यावर साधनांचंच एकमत नाही. जावाच्या चेकस्टाइलची मूळ मर्यादा १५० ओळींची, ईएसलिंटची ५० ओळींची, पायलिंटची ५० स्टेटमेंट्सची, तर रुबीच्या रुबोकॉपची अवघी १० ओळींची. त्यामुळं या आकड्यांना इशारा समजा, नियम नव्हे.

जास्त उपयोगी माप म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या. थॉमस मॅकेब यांनी ते १९७६ मध्ये मांडलं आणि १० ही वाजवी मर्यादा सुचवली. ढोबळ हिशोब असा: १ पासून सुरू करा आणि प्रत्येक 'जर', लूप, केस आणि 'आणि/किंवा' साठी एक वाढवा. दोनशे ओळींची मेथड नुसती रिपोर्टच्या कॉलमची नावं भरत असेल, तर कॉम्प्लेक्सिटी १ किंवा २ येते. ती सोडून द्या. साठ ओळींत २५ आली तर ती घ्या.

दुसरी चाळणी गिटच्या इतिहासाची. जी फाइल गेल्या वर्षभरात वारंवार बदलली, तिथंच कष्टाचं चीज होतं. कुणी कधी उघडतच नाही अशी कुरूप मेथड तशीच राहू द्या.

२. आजचं वागणं पकडून ठेवा

ही पायरी नवखे हमखास टाळतात, आणि पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. मेथड बरोबर आहे की चूक, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आज ती काय देते ते जसंच्या तसं फाइलमध्ये जतन करायचं.

करायचं ते असं:

क) जुन्या डेटावर मेथड चालवून प्रत्येक उत्पादकाच्या बिलाचा निकाल साध्या मजकुरात लिहा: लिटर, दूध रक्कम, प्रत्येक कपात, देय रक्कम. एका बिलाची एक फाइल. या झाल्या 'मूळ' फाइल्स. त्या गिटमध्ये टाका.

ख) टेस्ट अशी लिहा की ती तेच बिल पुन्हा काढेल आणि मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून बघेल.

ग) एकही ओळ न बदलता टेस्ट दोनदा चालवा. दोन्ही वेळा हिरवी (म्हणजे पास) आली तरच पुढं जा.

तिसऱ्या कलमात बहुतेकांची गाडी अडते, कारण मेथडच्या आत कुठंतरी 'आजची तारीख' घेतलेली असते, बिल क्रमांक डेटाबेसमधून पुढचा येतो, प्रिंटर सुरू होतो आणि एसएमएस जातो. शेवटचा मुद्दा फार गंभीरपणे घ्या. टेस्ट चालवताना खऱ्या उत्पादकाच्या मोबाईलवर बिलाचा मेसेज गेला, तर सकाळी सातला संस्थेच्या दारात माणसं उभी राहतील. म्हणून तारीख आणि बिल क्रमांक बाहेरून पॅरामीटरनं द्या. छपाई, एसएमएस यांच्या जागी फक्त नोंद ठेवणारी नकली वस्तू द्या. हे बदल टेस्टच्या आधाराशिवाय करावे लागतात, तेव्हा ते अगदी छोटे ठेवा आणि शेजारच्या सहकाऱ्याला दाखवून घ्या.

डेटा निवडताना कडेच्या गोष्टी मुद्दाम घ्या. 'दहा दिवसांचं बिल' असं आपण म्हणतो, पण महिन्याचा तिसरा कालावधी २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असतो. तो ३१ दिवसांच्या महिन्यात ११ दिवसांचा आणि साध्या फेब्रुवारीत ८ दिवसांचा. शिवाय हे उत्पादक टेस्टमध्ये हवेतच: गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध घालणारा, फक्त एका वेळेला दूध घालणारा, कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त असलेला, सगळ्या नोंदी रद्द झालेला, आणि कालावधीत एकदाही दूध न घातलेला. दिवाळीला दर फरकाची रक्कम याच मेथडमधून निघत असेल, तर तो कालावधीही घ्या.

टेस्ट कोडच्या किती ओळींमधून जाते हे कव्हरेजच्या साधनानं बघा. अटीची एखादी फांदी लालच राहिली, म्हणजे टेस्ट तिथून गेलीच नाही, तर तिच्यासाठी डेटा तयार करा. तसा डेटा कधीच येऊ शकत नाही असं सचिवही सांगत असेल, तर ती फांदी मृत आहे. ती उडवता येईल, पण स्वतंत्र कमिटमध्ये.

३. एकदा नुसतं वाचा

आपली मेथड थोडक्यात अशी आहे. खरी याच्या कैकपट असते. यातलं सीएलआर म्हणजे लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं वाचन, आणि एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.

```
बिल_तयार_करा(उत्पादक, पासून, पर्यंत)
    एकूण = ०
    ए = ०
    जर उत्पादक.चालू असेल
        नोंदी = संकलन_आण(उत्पादक, पासून, पर्यंत)
        जर नोंदी.संख्या > ०
            प्रत्येक नों साठी
                जर नों.रद्द नसेल
                    // एसएनएफ
                    एस = नों.सीएलआर / ४ + ०.२ × नों.फॅट + ०.३६
                    // दर
                    जर नों.जनावर = "म्हैस"
                        दर = म्हैस_तक्ता[नों.फॅट, एस]
                    नाहीतर
                        दर = गाय_तक्ता[नों.फॅट, एस]
                    एकूण = एकूण + पूर्णांकित(नों.लिटर × दर, २)
                    ए = ए + नों.लिटर
            // कपात
            क = पशुखाद्य_बाकी(उत्पादक)
            जर क > एकूण
                क = एकूण
            एकूण = एकूण − क
            उ = उचल_हप्ता(उत्पादक)
            जर उ > एकूण
                उ = एकूण
            एकूण = एकूण − उ
            // जतन, छपाई, एसएमएस
            ...
```

कागद घ्या आणि डाव्या बाजूला प्रत्येक गटासमोर तो काय करतो ते दोन-तीन शब्दांत लिहा: 'नोंदी आणतो', 'एसएनएफ काढतो', 'दर शोधतो', 'पशुखाद्य कापतो'. कोडमधल्या कॉमेंट्स आणि रिकाम्या ओळींनी हे काम अर्धं केलेलंच असतं. '// कपात' अशी कॉमेंट लिहिणाऱ्याला तिथं एक मेथड दिसत होती, फक्त त्यानं ती काढली नाही.

एखाद्या गटासमोर 'आणि' शिवाय लिहिताच येत नसेल ('दर शोधतो आणि लिटर मोजतो आणि…'), तर तिथं खूण करा. मेथड कुठं कापायची हे ओळींची संख्या ठरवत नाही, नाव ठरवतं. नाव सुचत नसेल तर काप चुकीच्या जागी चाललाय असं समजा आणि दोन ओळी वर-खाली सरकवून बघा.

४. कापण्याआधीची झाडलोट

'नों', 'एस', 'ए', 'क', 'उ' ही नावं आधी बदला. हातानं शोधून-बदलून करू नका. एडिटरचं रिनेम वापरा. व्हीएस कोडमध्ये एफ२, इंटेलिजेत शिफ्ट+एफ६, एक्लिप्समध्ये ऑल्ट+शिफ्ट+आर. नाव निवडताना संस्थेतला शब्द घ्या. तिथं 'उचल' म्हणत असतील तर कोडमध्येही उचलच असू दे. आगाऊ रकमेसाठी तुम्ही तिसराच शब्द काढलात, तर सचिवाशी बोलताना रोज मनातल्या मनात भाषांतर करत बसावं लागेल.

व्हेरिएबल जिथं पहिल्यांदा लागतं तिथंच जाहीर करा. वरच्या मेथडमधला 'ए' (म्हणजे एकूण लिटर) लूपच्या अगदी वर आणा.

आता 'एकूण' कडं नीट बघा. लूप संपेपर्यंत तो दुधाची रक्कम असतो, पशुखाद्य वजा झाल्यावर उरलेली शिल्लक, आणि शेवटी देय रक्कम. एकाच व्हेरिएबलनं तीन कामं केली, म्हणून मेथड कुठंही कापली तरी तो आडवा येतो. त्याची तीन नावं करा: दूध_रक्कम, खाद्य_कपातीनंतर_शिल्लक, देय_रक्कम. प्रत्येकाला एकदाच किंमत द्या. मला विचाराल तर लांब मेथड सोपी करण्यातला अर्धा फायदा या एका बदलातच असतो, आणि त्यासाठी एकही नवी मेथड काढावी लागत नाही.

०.२ आणि ०.३६ या आकड्यांना नाव द्या. सीएलआरवरून एसएनएफ काढायच्या सूत्रातले हे स्थिर आकडे सगळीकडं सारखे नसतात. 'एसएनएफ_स्थिरांक' असं लिहिलेलं असलं, की पुढच्या माणसाला तो बदलता येण्याजोगा आकडा आहे हे कळतं.

प्रत्येक बदलानंतर टेस्ट चालवा आणि कमिट करा. रिनेमचं एक कमिट, व्हेरिएबल फोडल्याचं दुसरं.

५. आत घुसलेली इंडेंटेशन बाहेर काढा

'उत्पादक चालू असेल तर… नोंदी असतील तर…' ही रचना उलटी करा. नको असलेल्या स्थितीत वरूनच परत फिरा, म्हणजे मुख्य काम डाव्या कडेला येतं.

```
    जर उत्पादक.चालू नसेल
        परत दे बिल_नाही
    नोंदी = संकलन_आण(उत्पादक, पासून, पर्यंत)
    जर नोंदी रिकाम्या असतील
        परत दे बिल_नाही
```

दोन ठिकाणी जपा. पहिलं, जोडअट उलटवताना 'आणि' चं 'किंवा' होतं. 'चालू आहे आणि खातं आहे' याच्या उलट 'चालू नाही किंवा खातं नाही'. दुसरं, मूळ मेथडच्या तळाशी, सगळ्या 'जर'च्या बाहेर, डेटाबेस कनेक्शन बंद करणारी किंवा लॉग लिहिणारी ओळ असेल, तर वरून परत फिरल्यावर ती चालणारच नाही. ती फायनली ब्लॉकमध्ये किंवा भाषेच्या तशाच सोयीत न्या, मगच अट उलटवा.

६. तुकडे वेगळे काढा

आता मुख्य काम. एडिटरमध्ये ओळी निवडा आणि 'एक्स्ट्रॅक्ट मेथड' द्या: इंटेलिजेत विंडोज-लिनक्सवर कंट्रोल+ऑल्ट+एम, एक्लिप्समध्ये ऑल्ट+शिफ्ट+एम, व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल+आर आणि मग कंट्रोल+एम, व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+डॉट. कुठली व्हेरिएबल्स आत पाठवायची आणि कुठलं बाहेर आणायचं हे साधन स्वतः शोधतं. कॉपी-पेस्ट करून हातानं काढलेल्या मेथडमध्ये एखादं व्हेरिएबल हमखास सुटतं.

आतून बाहेर या. सगळ्यात आतला आणि कुणावर अवलंबून नसलेला तुकडा आधी: एसएनएफचं सूत्र. त्याला फक्त सीएलआर आणि फॅट लागतं, तो एक आकडा परत देतो, डेटाबेसला हात लावत नाही. मग दर शोधणं. मग या दोन्हींना हाक मारणारं 'नोंदीची_रक्कम(नोंद)'.

पुढं लूप येतो, आणि तो रक्कम आणि लिटर दोन्ही मोजतोय. तसाच काढायला गेलात तर साधन दोन किमती परत द्यायला सुचवेल किंवा नकार देईल. इथं लूपचे दोन लूप करा: एक रकमेचा, दुसरा लिटरचा. नवख्यांना हे पटत नाही, 'दोनदा फिरतोय, हळू होईल' असं वाटतं. एका उत्पादकाच्या कालावधीत सकाळ-संध्याकाळ मिळून वीस-बावीस नोंदी, दोन्ही जनावरांचं दूध असलं तर चव्वेचाळीस. मेमरीत असलेल्या चव्वेचाळीस नोंदींवर दुसऱ्यांदा फिरायला लागणारा वेळ मोजण्याच्याही लायकीचा नाही. डेटाबेसला मारलेली एक जादा फेरी मात्र महाग पडते. म्हणून 'संकलन_आण' एकदाच बोलवा आणि तीच यादी दोघांना द्या.

कपातींचं काय? पशुखाद्य आणि उचल यांचा कोड दिसायला सारखाच आहे: बाकी काढ, रकमेपेक्षा जास्त असेल तर रकमेइतकीच कर, वजा कर. दोन्हींसाठी 'मर्यादित_कपात(मागणी, शिल्लक)' अशी एकच छोटी मेथड होते. मात्र क्रम राखा. दूध रक्कम १००० रुपये, पशुखाद्याची बाकी ८०० आणि उचलीचा हप्ता ५०० असेल, तर आजच्या कोडप्रमाणे ८०० पशुखाद्याला आणि २०० उचलीला जातात. क्रम उलटला तर ५०० आणि ५००. उत्पादकाच्या हातात दोन्ही वेळा शून्यच येतं, त्यामुळं नुसती देय रक्कम तपासणारी टेस्ट हिरवी राहते आणि दोन्ही खात्यांची बाकी मात्र चुकते. दुसऱ्या पायरीत 'प्रत्येक कपात' वेगळी लिहायला सांगितलं ते यासाठी.

सगळं झाल्यावर वरची मेथड अशी दिसते:

```
बिल_तयार_करा(उत्पादक, कालावधी, आज)
    जर उत्पादक.चालू नसेल
        परत दे बिल_नाही
    नोंदी = संकलन_आण(उत्पादक, कालावधी)
    जर नोंदी रिकाम्या असतील
        परत दे बिल_नाही
    वैध = रद्द_वगळून(नोंदी)
    दूध_रक्कम = दुधाची_रक्कम(वैध)
    कपाती = कपाती_ठरव(उत्पादक, दूध_रक्कम)
    बिल = बिल_मांड(उत्पादक, कालावधी, आज, एकूण_लिटर(वैध), दूध_रक्कम, कपाती)
    बिल_जतन_कर(बिल)
    बिल_छाप(बिल)
    एसएमएस_पाठव(बिल)
    परत दे बिल
```

'रद्द_वगळून' ही ओळ रिकामेपणाच्या तपासणीच्या वर न्यायचा मोह होतो, तसं वाचायलाही छान वाटतं. नेऊ नका. जुन्या कोडमध्ये तपासणी सगळ्या नोंदींवर होती, म्हणून सगळ्या नोंदी रद्द झालेल्या उत्पादकालाही शून्य रकमेचं बिल निघत होतं. ओळ वर नेली की ते बिल निघणंच बंद होतं, आणि बिल क्रमांकांची साखळी तुटते. शून्य बिल काढणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न सचिवाला विचारा. उत्तर 'नको' आलं तर तो वेगळा बदल, वेगळं कमिट.

'बिल_मांड' ला सहा पॅरामीटर झाले, हेही डोळ्यांत भरत असेल. पायलिंट पाचाच्या वर आणि चेकस्टाइल साताच्या वर तक्रार करतं. 'पासून' आणि 'पर्यंत' एकत्र करून 'कालावधी' केला, तशाच नेहमी बरोबर फिरणाऱ्या किमतींची एक वस्तू करा. पॅरामीटर कमी दिसावेत म्हणून किमती क्लासच्या फील्डमध्ये टाकून मेथड रिकाम्या कंसांनी बोलवू नका. तसं केल्यावर कुठली मेथड कशावर अवलंबून आहे ते दिसत नाही; लांब मेथडमधला गोंधळ तोच राहतो, फक्त तो आता क्लासभर पसरतो.

७. कापताना हमखास चुकणाऱ्या जागा

*तुकड्याच्या आतलं 'परत दे'.* मूळ ओळींमध्ये अख्ख्या बिलातून बाहेर पडणारं 'परत दे' असेल, तर वेगळ्या मेथडमध्ये गेल्यावर ते फक्त त्या छोट्या मेथडमधून बाहेर पडतं आणि वरचं काम चालूच राहतं. लूपमधल्या ब्रेक आणि कंटिन्यूचंही तेच. पाचवी पायरी आधी केली असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

*हो/नाही पॅरामीटर.* 'बिल_छाप(बिल, खरं, खोटं)' असं दिसलं, की आतमध्ये दोन मेथड दडलेल्या आहेत असं समजा. त्या वेगळ्या करा आणि वेगळी नावं द्या.

*नावानं बोलवली जाणारी मेथड.* रिपोर्ट डिझायनर, कॉन्फिगरेशन फाइल, मेन्यूचं टेबल यांत मेथडचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहिलेलं असू शकतं. एडिटरचं रिनेम डेटाबेसच्या आत जात नाही. नाव बदलण्याआधी पूर्ण प्रकल्पात आणि डेटाबेसच्या स्क्रिप्टमध्ये ते शोधा.

*ट्रान्झॅक्शन.* जतन करणं आणि कपातीची बाकी कमी करणं ही दोन कामं मूळ मेथडमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं पुरं होतं किंवा काहीच होत नाही असा डेटाबेसमधल्या कामांचा गट) असतील, तर तुकडे केल्यावरही ती एकातच राहायला हवीत. ट्रान्झॅक्शन सुरू आणि बंद करणं वरच्या मेथडकडंच ठेवा. एसएमएस डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन पुरं झाल्यावरच पाठवा. तो आधी गेला आणि जतन फसलं, तर मेसेज परत घेता येत नाही.

*जुनं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६).* इथल्या बऱ्याच जुन्या पॅकेजेसमध्ये ते अजून भेटतं. त्यातल्या 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' पासून फार जपा. लांब प्रोसिजरमध्ये चूक आली की कोड पुढच्या ओळीवर जातो. पण त्यातल्या वीस ओळी नव्या प्रोसिजरमध्ये नेल्या आणि तिथं एरर हँडलर नसेल, तर पाचव्या ओळीवर चूक आल्यावर उरलेल्या पंधरा ओळी गाळून कोड थेट वरच्या प्रोसिजरच्या पुढच्या ओळीवर येतो. कुठंही एरर दिसत नाही आणि बिल अर्धवट निघतं. अशा ठिकाणी तीच ओळ नव्या प्रोसिजरच्या सुरुवातीलाही लिहा, आणि ती काढून टाकायचं काम पुढं कधीतरी स्वतंत्रपणे करा.

८. पैशांच्या ओळींना वेगळा नियम

गणिताच्या ओळी हलवताना पूर्णांकन कुठं होतंय हे दोनदा बघा. समजा एका वेळेचं दूध ५.५ लिटर आणि दर ४७.३५ रुपये. रक्कम येते २६०.४२५. दहा दिवसांत अशा २० वेळा झाल्या, तर:

- शेवटी एकदाच पूर्णांकन केलं तर ५२०८.५० रुपये.
- प्रत्येक वेळी अर्धा पैसा वर नेला (२६०.४३) तर ५२०८.६०.
- प्रत्येक वेळी अर्धा पैसा जवळच्या सम आकड्याकडं नेला (२६०.४२) तर ५२०८.४०.

तिसरा प्रकार कुणी मुद्दाम निवडलेला नसतो. पायथनचं राउंड, सी शार्पचं मॅथ डॉट राउंड आणि व्हीबी ६ चं राउंड मुळातच अर्ध्याला सम आकड्याकडं नेतात. जावाचं मॅथ डॉट राउंड वर नेतं, आणि एसक्यूएल सर्व्हरचं राउंड शून्यापासून दूर. म्हणून 'बेरीज क्वेरीतच करू, कोड आखूड होईल' असा विचार करून सी शार्पमधलं गणित डेटाबेसमध्ये हलवलंत, तर ओळी कमी होतील आणि बिलं बदलतील.

फ्लोट टाइपमधले पैसे दिसले तर ते डेसिमलमध्ये न्यायलाच हवेत, पण या फेरीत नाही. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, त्यामुळं ६.१ फॅटचा दर तक्त्यात सापडत नाही अशा तक्रारी येतात. ती दुरुस्ती करताना काही बिलं पैशांनी बदलणार, आणि त्याला संस्थेची संमती लागते. त्याचं तिकीट वेगळं काढा.

९. कमिट, रिव्ह्यू आणि तारीख

रिव्ह्यू करणाऱ्याला ४०० ओळी लाल आणि ४५० ओळी हिरव्या दाखवल्यात, तर तो नुसता 'ठीक' म्हणेल. एका कमिटमध्ये एकाच प्रकारचा बदल ठेवा आणि संदेशात तो प्रकार लिहा: 'नाव बदलले', 'मेथड वेगळी काढली', 'अट उलटवली'. गिटच्या डिफला 'कलर-मूव्ह्ड' हा पर्याय दिला, की नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात आणि खरोखर बदललेल्या तेवढ्या डोळ्यांत भरतात.

नवीन कपात टाकायचं जे मूळ काम होतं, ते या ब्रँचमध्ये घुसवू नका. आधी ही ब्रँच मुख्य शाखेत जाऊ दे. नंतर कपात 'कपाती_ठरव' मध्ये चार-पाच ओळींत बसते, आणि तिची टेस्ट डेटाबेसशिवाय लिहिता येते.

थांबायचं कधी? वरची मेथड वाचून बिल कसं निघतं हे सचिवाला फोनवर सांगता आलं, की पुरे. दोन ओळींच्या मेथडमधून एक ओळीची मेथड काढत बसलात, तर वाचणारा दहा ठिकाणी उड्या मारत फिरतो. काढलेल्या मेथडचं नाव आतल्या ओळीपेक्षा जास्त काही सांगत नसेल, तर ती इनलाइन करून परत आत टाका. इंटेलिजेत कंट्रोल+ऑल्ट+एन, एक्लिप्समध्ये ऑल्ट+शिफ्ट+आय.

आणि रिलीजची तारीख. १, ११ आणि २१ तारखेला आणि त्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या मशीनवर काही चढवू नका. त्या दिवशी बिलं निघतात. १३-१४ किंवा २३-२४ तारीख बरी. चढवल्यावर मागच्या कालावधीची बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्तींनी डेटाबेसच्या प्रतीवर काढा आणि दोन्ही फोल्डर विनमर्जमध्ये समोरासमोर उघडा. एकही फाइल वेगळी दिसली, तर जुनी आवृत्ती परत चढवा आणि गिट बायसेक्टनं (कमिटची यादी दर वेळी अर्धी करत शोधणारी आज्ञा) कुठल्या कमिटमध्ये फरक पडला ते शोधा. कमिट छोटी ठेवली असतील, तर ६० कमिटमधून दोषी कमिट सहा तपासण्यांत सापडतं.